क्लाऊडवरचा डेस्कटॉप उघडत नाही, किंवा उघडतो पण रिकामा: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

मी फोर्टपासून अंधेरीपर्यंतच्या लहान ऑफिसांचं कॉम्प्युटरचं काम बघतो. सीएंची ऑफिसं, दोन-तीन सीएचए (कस्टम्सचं काम बघणारे एजंट), एक विमा सर्व्हेअर, असे ग्राहक. कोविडनंतर यातल्या बऱ्याच जणांचे डेस्कटॉप क्लाऊडवर गेले. टेबलावर तोच जुना पीसी, पण त्यात जे विंडोज उघडतं ते असतं दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. सोय झकास आहे. पावसाने गाड्या ठप्प झाल्या तरी बदलापूरला घरी बसून रिटर्न भरता येतं. मात्र एक दुखणं वर्षातून तीन-चारदा उठतंच, आणि फोनवर निदानही ठरलेलं असतं: "क्लाऊड डाऊन आहे."

बहुतेक वेळा तो डाऊन नसतो. आणि ज्या थोड्या वेळा खरंच एखादा रीजन, म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट, आडवा होतो, तेव्हा फेलओव्हर होऊनही, म्हणजे सगळं दुसऱ्या रीजनकडे वळवूनही, लोकांचं काम अडतं. फेलओव्हरमध्ये माणूस दुसऱ्या रीजनला पोचतो, त्याचं सामान पोचेलच असं नाही. ठाण्याला फास्ट रखडली म्हणून तुम्ही उतरून स्लो पकडलीत आणि बॅग रॅकवरच राहिली, तसलं हे. पुढचं बरंचसं मी त्या बॅगेच्या शोधात शिकलो.

लक्षणं

फोनवर मला ऐकू येतं ते साधारण असं:

"कनेक्टिंग, कनेक्टिंग करत फिरतं आणि शेवटी एरर." तुम्ही दारापर्यंतच पोचत नाही आहात. तुमची लाईन, डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था) किंवा क्लाऊडवाल्याचा गेटवे, यांपैकी काहीतरी.

"पासवर्ड घेतो, मग काळी स्क्रीन." दार उघडलं, आतलं मशीन किंवा प्रोफाईल (तुमच्या डेस्कटॉपची मांडणी आणि सेटिंग) अडलं.

"डेस्कटॉप उघडला, पण हा माझा नाही. वॉलपेपर निळा, आउटलुक पुन्हा नाव-गाव विचारतंय, काल संध्याकाळच्या फाइली नाहीत." या तक्रारीला मी सगळ्यात जास्त घाबरतो. डेटा बहुधा जागेवर असतो. पण घाबरलेला माणूस त्या पाच मिनिटांत जे करतो त्याने खरंच जायची वेळ येते.

"टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं." तुम्ही लांबच्या रीजनला जोडले गेलात, किंवा वाटेत मोठा वळसा पडतोय.

"सगळं उघडतं, फक्त बँकेचं पोर्टल, डिजिटल सही आणि टॅली चालत नाही." फेलओव्हर झाल्याची ही जवळजवळ पक्की खूण.

"माझा नाही उघडत, बाजूच्या टेबलावर चालतंय." मग रीजनला दोष देऊ नका. पहिल्या दोन तपासण्यांतच उत्तर मिळेल.

काय दिसलं, किती वाजता, किती जणांना, हे आधी कागदावर लिहा. एररचा मोबाईलवर फोटो काढा. पुढे कामाला येतं.

१. मोबाईलचा हॉटस्पॉट

फुकट, दोन मिनिटं. ऑफिसचं वायफाय बंद करा, हॉटस्पॉट लावा, व्हीपीएन असेल तर तोही बंद करा आणि पुन्हा जोडून बघा. चालला, तर बिघाड तुमच्या ब्रॉडबँडचा आहे. पुढचं वाचू नका, लाईनवाल्याला फोन करा.

ही तपासणी पहिली, कारण मुंबईत रस्ता कधी कोण खोदेल याचा नेम नाही, आणि इमारतीवरून इमारतीवर लोंबणारी फायबर पहिल्या वादळी पावसात दम तोडते. "आमच्याकडे दोन कंपन्यांच्या लाईन आहेत" असं सांगणाऱ्यांनीही करायची. गिरगावातल्या एका ऑफिसात तशा दोन होत्या. दोन्हीच्या वायरी जिन्याखालच्या एकाच पत्र्याच्या डब्यातून वर जायच्या. वरच्या टाकीचं पाणी डब्यात उतरलं आणि दोन्ही एकदमच गेल्या. तिथले काका तासभर क्लाऊडवाल्याला शिव्या देत होते.

वीज गेलेली असताना तर आधी राउटरकडे बघा. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी माझ्या एकाही ग्राहकाचा क्लाऊडवरचा डेस्कटॉप पडला नव्हता. पडले होते ते ऑफिसातले राउटर, आणि थोड्या वेळाने आसपासचे मोबाईल टॉवर.

हॉटस्पॉटवरही चालत नसेल तर पुण्या-नाशिकच्या कुणाला तरी त्यांच्या लॉगिनने जोडायला सांगा. तिकडेही नाही, तर पुढे चला.

२. क्लायंट पूर्ण बंद, आणि घड्याळ

क्लायंट म्हणजे तुमच्या पीसीवरचं, क्लाऊडला जोडणारं अ‍ॅप. त्याच्या खिडकीचा क्रॉस दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे. खाली घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवं क्लिक करून बाहेर पडा किंवा सरळ पीसी रीस्टार्ट करा. क्लायंट जुना पत्ता आणि जुनं लॉगिन धरून बसतो. मागे रीजन बदललेला असला तरी तो जुन्याच दारावर थापा मारत राहतो.

मग पीसीची तारीख-वेळ बघा. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरची बॅटरी मेली की सकाळी घड्याळ मागे गेलेलं असतं. विंडोजच्या डोमेनमध्ये (ऑफिसची सगळी लॉगिनं एकत्र सांभाळणारी व्यवस्था) ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं. साठ-सत्तर रुपयांच्या बॅटरीपायी मी एकदा भर उन्हात चर्चगेटहून बॅलार्ड इस्टेटला चालत गेलोय.

३. स्टेटस बघा, पण दोन्ही

क्लाऊडवाल्यांचं एक जाहीर स्टेटस पेज असतं आणि एक तुमच्या खात्यापुरतं. या दुसऱ्याला मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये सर्व्हिस हेल्थ म्हणतात, अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये हेल्थ डॅशबोर्ड. जाहीर पेजवर मोठी घटनाच येते आणि ती उशिरा येते. तुमच्या रीजनमधल्या तुमच्या सेवेचं काय, हे खात्याच्या पेजवर कळतं. त्याचे अलर्ट मोबाईलवर लावून घ्या. ज्या मेलवर अलर्ट येतो तो मेल फक्त क्लाऊड डेस्कटॉपमध्येच उघडत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. हसू नका, असं एका ठिकाणी होतं.

यासाठी आपला रीजन कोणता हे माहीत हवं, आणि निम्म्या ऑफिसांना ते माहीत नसतं. एडब्ल्यूएसचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे, त्यात तीन अव्हेलेबिलिटी झोन आहेत (झोनचं पुढे चौथ्या तपासणीत). दुसरा भारतीय रीजन हैदराबाद, २०२२ पासून. अ‍ॅझ्युअरचे रीजन २०१५ मध्ये आले आणि त्यांच्या नावांनी अजून लोक फसतात: ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे नागपूर-भोपाळ नव्हे, पुणे, ‘वेस्ट इंडिया’ मुंबई, ‘साऊथ इंडिया’ चेन्नई. पुण्याची जोडी चेन्नईशी लावलेली आहे. पण जोडी आहे म्हणून तुमचा डेस्कटॉप आपोआप चेन्नईला उठेल, असं अजिबात नाही. ते तुम्ही उभारलेलं असावं लागतं. विंडोज ३६५ या मायक्रोसॉफ्टच्या तयार क्लाऊड डेस्कटॉपमध्येही दुसऱ्या रीजनचा आपत्कालीन पर्याय वेगळे पैसे मोजून घ्यायचा असतो. करार काढून बघा.

इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळं निदान यावर टिकलेलं आहे. क्लाऊड डेस्कटॉपचे तीन थर असतात. दार, म्हणजे लॉगिन, गेटवे आणि कुणाला कुठल्या मशीनवर पाठवायचं हे ठरवणारा ब्रोकर. मग मशीन. मग सामान, म्हणजे प्रोफाईल आणि फाइली. अ‍ॅझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये दार मायक्रोसॉफ्ट सांभाळते, त्याचा फेलओव्हरही तेच करतात. मशीन आणि सामान तुमच्या जबाबदारीवर. तेव्हा बातमीत "आउटेज" ऐकलं की पहिला प्रश्न हा, की तीनपैकी काय पडलंय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन घटना नऊ दिवसांच्या अंतराने झाल्या. २० तारखेला, आपल्याकडे नरक चतुर्दशीचा फराळ चालला होता तेव्हा दुपारी, एडब्ल्यूएसचा अमेरिकेतला उत्तर व्हर्जिनिया रीजन कोलमडला. डायनॅमोडीबी या डेटाबेसचा डीएनएस पत्ता सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत दोन कामं एकमेकांच्या पायात आली आणि पत्त्याची नोंद रिकामी झाली. सर्व्हर जागेवर होते, दारावरची पाटी गेली होती. पत्ता तीनेक तासांत परत बसला, पण त्या रीजनमध्ये नवी मशीनं सुरू करायची अडचण पुढे कित्येक तास राहिली. मुंबई रीजनवाल्यांना वाटलं आपला काय संबंध. पण काही जागतिक सेवांचे धागे त्याच रीजनला बांधलेले आहेत. परवानग्यांमधले बदल त्यातलेच. अशा दिवशी मुंबईतलं तुमचं चालू मशीन चालूच राहील, नवा युजर बनवायला गेलात तर अडकाल.

२९ तारखेला रात्री दुसरी गोष्ट झाली. अ‍ॅझ्युअरच्या फ्रंट डोअर या सेवेत चुकीचा कॉन्फिगरेशन बदल गेला आणि जगभर दारंच अडली. खुद्द अ‍ॅझ्युअरचं पोर्टलही. अशा वेळी पुण्याहून चेन्नईला फेलओव्हर करून काय मिळणार? घर बदललंत, तरी गेट तेच. दाराचा बिघाड असेल तर हात बांधून वाट बघणं हाच उपाय. मशीनचा किंवा सामानाचा असेल तरच फेलओव्हरचा विचार करायचा.

आणि तुमचा फेलओव्हर फक्त पोर्टलमधल्या बटणावर अवलंबून असेल तर तीच कामं कमांडनेही करता येतील अशी सोय आजच करून घ्या.

४. एकच मशीन की सगळी? आणि ‘स्टॉप’ दाबू नका

एकाचंच बिघडलं असेल तर त्या मशीनला कन्सोलमधून (क्लाऊडवाल्याच्या नियंत्रण पानावरून) एकदा रीस्टार्ट द्या. एकदाच. निम्म्यांचं बिघडलं असेल तर ती सगळी एकाच झोनमध्ये आहेत का ते बघा. झोन म्हणजे त्याच रीजनमधली, वीज आणि कूलिंग वेगळं असलेली डेटा सेंटरं. अ‍ॅमेझॉन वर्कस्पेसेस, म्हणजे एडब्ल्यूएसचे क्लाऊड डेस्कटॉप, मांडताना दोन झोनमध्ये सबनेट (नेटवर्कचे तुकडे) द्यावे लागतात, पण प्रत्येक डेस्कटॉप राहतो एकाच झोनमध्ये. तो झोन गेला की निम्मं ऑफिस बंद, निम्मं चालू.

माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला इथे आहे. गडबड चालू असताना चालत असलेलं मशीन ‘स्टॉप’ करू नका. रीस्टार्टमध्ये मशीन सहसा आपल्या जागेवरच राहतं. स्टॉप केलं की जागा सोडली, आणि आउटेजमध्ये पुन्हा जागा मिळेलच असं नाही. विरारची खिडकी सोडून पाणी प्यायला उतरण्यासारखं आहे ते. रात्री मशीनं आपोआप बंद करायचा कार्यक्रम लावला असेल, पैसे वाचवायला सगळेच लावतात, तर गडबडीच्या संध्याकाळी तो आधी थांबवा. सकाळी शंभर रुपये जास्त लागतील, पण मशीनं चालू असतील.

५. नाव कुठे बोट दाखवतंय

फेलओव्हर झालाय असं सांगितलं जातंय, तरी काही जण जुन्या रीजनकडेच जातायत. हा माझ्याकडे सर्वाधिक वेळा आलेला प्रकार. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलूकअप (nslookup) ही कमांड चालवून आपलं जोडणीचं नाव कुठला पत्ता देतं ते बघा, मग डीएनएस कॅशे, म्हणजे पीसीने साठवलेले जुने पत्ते, पुसा. राउटरही बंद-चालू करा, तोही जुना पत्ता लक्षात ठेवतो. किती वेळ, ते टीटीएलवर, म्हणजे नोंदीत लिहिलेल्या मुदतीवर, ठरतं. कुणी हौसेने टीटीएल २४ तास ठेवला असेल तर फेलओव्हरची बातमी तुमच्या ऑफिसला उद्या कळणार. मी ६० सेकंद ठेवतो.

वर्कस्पेसेसमध्ये आणखी एक मेख आहे. दुसऱ्या रीजनकडे वळवायची सोय डीएनएसमधल्या नोंदीवर चालते, आणि त्यासाठी युजरने क्लायंटमध्ये रजिस्ट्रेशन कोडच्या जागी आपल्या डोमेनचं पूर्ण नाव टाकलेलं असावं लागतं. ज्यांनी पहिल्या दिवशी मेलमधून आलेला कोड टाकला, ते कायम त्या एकाच रीजनला बांधलेले. डीएनएस तुम्ही कितीही फिरवा, त्यांना पत्ताच नसतो. एका सीएंच्या ऑफिसात अकरापैकी चार जण असे निघाले, आणि चौघेही आर्टिकलशिप करणारे, म्हणजे ज्यांच्या हातात काम होतं तेच. नाव बदलून पुन्हा लॉगिन केलं की सुटतं. चालू सेशन आपोआप उडी मारत नाही, बाहेर पडून परत यावंच लागतं.

अक्षरं उशिरा उमटत असतील तर इथेच कळेल की नाव तुम्हाला सिंगापूरला नेतंय. मुंबई-सिंगापूर जाऊन येऊन साधारण ६० मिलिसेकंद. टायपिंगला चालतं, एक्सेल भराभर खाली सरकवताना जाणवतं. डेस्कटॉप युरोपातल्या मुख्य ऑफिसच्या रीजनमध्ये असेल तर समुद्राखालच्या केबलचाही प्रश्न येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा त्या वाटेचं ट्रॅफिक वळसा घालून गेलं आणि सगळं रेंगाळलं. त्यावर तुमच्या टेबलावरून काही करता येत नाही.

सिंगापूर स्टँडबाय, म्हणजे राखीव रीजन, म्हणून सोयीचं वाटलं तरी कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियम २०२२ पासून आहे. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचं रिझर्व्ह बँकेचं बंधन तर २०१८ चं. सीएंना हे मी सांगायला नको, पण डेस्कटॉप मांडणारा मुलगा बहुधा सीए नसतो.

६. उघडलं, पण काम होत नाही

दुसऱ्या रीजनमध्ये गेलात की तुमचा बाहेर दिसणारा आयपी पत्ता बदलतो. बँकेच्या कॉर्पोरेट पोर्टलने किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकाने तुमचा जुना आयपीच मंजूर केलेला असेल तर दार बंद. उपाय आउटेजच्या दिवशी होत नाही, बँकेच्या फॉर्मला दिवस लागतात. स्टँडबाय रीजनचा स्थिर आयपी आधीच नोंदवून ठेवा.

डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीचा छोटा तुकडा) तुमच्या टेबलावरच्या पीसीला लावलेला असतो, पण त्याचा ड्रायव्हर क्लाऊडवरच्या मशीनमध्ये लागतो. स्टँडबाय मशीन वर्षापूर्वीच्या इमेजवरून (मशीनच्या तयार साच्यावरून) बनलेलं, आणि टोकन मधल्या काळात बदललेला. मग पोर्टल म्हणतं सर्टिफिकेट सापडत नाही. २० तारखेला संध्याकाळी जीएसटीचं ३बी रिटर्न भरताना हे वाक्य वाचलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. ड्रायव्हर टाकायला दहा मिनिटं लागतात, पण टाकण्याची परवानगी ज्याच्याकडे आहे तो माणूस सापडायला दोन तास.

टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. नव्या मशीनवर ते एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेतं. "टॅली १ तारखेचंच व्हाऊचर घेतंय" असा फोन आला की मला न बघता कळतं हे कुठे उतरलेत. लायसन्स तिकडे कसं न्यायचं हे आपल्या टॅली पार्टनरकडून आधी लिहून घ्या.

७. रिकामा डेस्कटॉप: प्रोफाईल

आता बॅग. अनेकांनी वाटून वापरायच्या मशीनवर प्रत्येकाचं प्रोफाईल मशीनमध्ये नसतं, वेगळ्या स्टोरेजवर एका डिस्क फाइलमध्ये असतं. लॉगिन करताना एफएसलॉजिक्स नावाचं सॉफ्टवेअर ती फाइल जोडतं. मशीन चेन्नईत उठलं आणि स्टोरेज पुण्यातच अडकलं, तर विंडोज तुम्हाला हात हलवत परत पाठवत नाही. ते एक तात्पुरतं प्रोफाईल देतं. कोरं. त्यात काम करता येतं, सेव्ह करता येतं, आणि साइन आउट केलं की सगळं पुसलं जाऊ शकतं.

ओळखायची सोपी रीत: डेस्कटॉपवर एक टेक्स्ट फाइल बनवा, साइन आउट करा, परत या. फाइल नाही? कामाला हात लावू नका. एफएसलॉजिक्समध्ये प्रोफाईल जोडता आलं नाही तर लॉगिनच नाकारायची सेटिंग आहे, ती मी सगळीकडे लावतो. लोक चिडतात. चिडू देत, तीन तासांचं काम गेल्यावर त्याहून जास्त चिडतात.

वर्कस्पेसेसच्या दोन रीजनच्या मांडणीत वेगळा प्रकार आहे. तिथे मुख्य रीजनमधल्या डिस्कची नक्कल दर १२ तासांनी स्टँडबायला जाते. म्हणजे काल संध्याकाळची फाइल तिकडे दिसत नसेल तर तो व्हायरस नाही आणि चोरीही नाही, नक्कल त्याआधीची आहे. आणि ही वाट एकेरी आहे. मुख्यकडून स्टँडबायकडे. स्टँडबायवर केलेलं काम परत येत नाही.

या एकेरी वाटेचा धडा एका सीएचएच्या ऑफिसात मिळाला. तिथल्या ताई शिपिंग बिलांची शीट सांभाळतात. सकाळी दहाला फेलओव्हर झाला, त्यांनी कुरकुर न करता स्टँडबायवर काम सुरू केलं, सगळी शीट डेस्कटॉपवर सेव्ह. दुपारी तीनला मुख्य रीजन उठला, डीएनएस आपोआप परत फिरलं. ताई चहा पिऊन आल्या, पुन्हा लॉगिन केलं आणि शीट सकाळची. त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या त्यात राग नव्हता, मीच काहीतरी उचलून नेलंय अशी शंका होती. स्टँडबाय मशीन अजून शाबूत होतं म्हणून शीट मिळाली. तासाभराने कुणी साफसफाई केली असती तर संपलं होतं. तेव्हापासून परत फिरणं मी आपोआप ठेवत नाही. आधी प्रत्येकाने आपल्या फाइली सामायिक ड्राइव्हवर टाकल्याचं तोंडी विचारतो, मग नाव फिरवतो. चहाच्या वेळेला तर नाहीच.

डिस्क फाइल ‘लॉक’ आहे असा एरर आला, तर जुन्या रीजनमधलं सेशन अजून तिला धरून आहे. ते सेशन बंद झालं की सुटेल. ती फाइल डिलीट करून नवी बनवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती फाइल म्हणजेच बॅग.

८. पासवर्ड बरोबर, तरी "लॉगिन सर्व्हर उपलब्ध नाही"

दुसऱ्या रीजनमध्ये डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) नाही, किंवा आहे पण तिथल्या नेटवर्कची डीएनएस सेटिंग मेलेल्या रीजनमधल्या कंट्रोलरकडे बोट दाखवतेय. एवढं बघा, आणि लिहून ठेवा. दुरुस्ती करू नका.

कुठे थांबायचं

वरची पहिली पाच कामं ऑफिसातला कुणीही थोडा जाणता माणूस करू शकतो. सहावं आपल्या नेहमीच्या माणसाला विचारून. सातव्यात फक्त ओळखायचं, आठव्यात फक्त बघायचं.

खात्याच्या हेल्थ पेजवर तुमच्या रीजनची नोंद दिसली की खटपट थांबवा. आता प्रश्न दुरुस्तीचा नाही, फेलओव्हर करायचा की वाट बघायची एवढाच आहे. माझा हिशेब असा: ४५ मिनिटांत क्लाऊडवाल्याने कारण सांगितलं नाही आणि आज शेवटची तारीख आहे, तर फेलओव्हर. शेवटची तारीख नसेल तर वाट. जाणं आणि परत येणं मिळून अर्धा दिवस जातो, आणि पुष्कळ आउटेज त्याआधी मिटतात. हा निर्णय मालकाने घ्यायचा, सपोर्टच्या मुलाने नाही.

अ‍ॅझ्युअरच्या स्टोरेज खात्यावर फेलओव्हरचं बटण दिसेल. ते जाणकाराशिवाय दाबू नका. दाबलं की शेवटच्या सिंकनंतर लिहिलेलं जाऊ शकतं, आणि खात्याची दुसऱ्या रीजनमधली नक्कल बंद होते, ती पुन्हा उभारावी लागते. डोमेन कंट्रोलरचे रोल ओढून घेणं, प्रोफाईलची डिस्क दुरुस्त करणं, स्टँडबायला मुख्य बनवणं, हेही त्याच यादीत.

फाइलींची नावं विचित्र झालीत किंवा खंडणीची चिठ्ठी दिसली, तर हा आउटेज नाही. मशीन नेटवर्कवरून तोडा, फेलओव्हर करूच नका, तो तीच घाण पलीकडे नेईल. लगेच तज्ज्ञाला बोलवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे.

ज्याच्याकडून लायसन्स घेतलंत त्याला फोन करताना तो सुरुवातीचा कागद हातात ठेवा: रीजन, किती जणांना, कुठल्या तपासणीपर्यंत पोचलात, एररचा फोटो. वेळ दोन्ही लिहा, आपली आणि युटीसी (जागतिक प्रमाणवेळ). आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. क्लाऊडवाल्यांचे सगळे लॉग युटीसीत असतात, आणि "सकाळी दहा"चा लॉग शोधायला गेलेला इंजिनियर दुपारच्या साडेतीनचा बघून "काही सापडलं नाही" म्हणत तिकीट बंद करतो.